सीन दुःखाचा, दिसतोय भुताचा

तुमची पोस्ट वाचली आणि हसूच आलं, म्हणजे स्वतःचंच. तुमच्या सीनमध्ये नवरा गेल्यावर बाई एकटी जेवतेय, म्हणून तुम्ही खोलीभर निळं जिलेटिन (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) लावलंत आणि बघणारे विचारतायत, 'भूत कधी येणार?' मीही याच खड्ड्यात पडलोय.

(मी एफटीआयआयवाला, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला नाही, लग्नाची शूटिंगं करत शिकलोय. जाणकारांनी चुकत असेन तर सांगावं.)

थ्री-पॉइंट, म्हणजे तीन दिव्यांची नेहमीची मांडणी, वगैरे तुम्हाला येतच असेल. पण सगळंच निळं केलं की डोळा थोड्या वेळात सरावतो, मग निळं निळं वाटतच नाही. कातरवेळ आठवा. बाहेर निळसर अंधार, आत एकच पिवळा बल्ब. दोन्ही एकदम दिसतात म्हणून जीव कासावीस होतो.

मी नेमका हाच सीन लावला होता. साधा 60 वॉटचा बल्ब, खिडकीबाहेर उतरती संध्याकाळ, हातात जेमतेम वीस मिनिटं. त्या घाईत व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा, ही कॅमेऱ्याची सेटिंग) ऑटोवर राहिला. आई खिडकी लावून ओट्याकडे वळते, असा एकच लांब शॉट. ती वळली आणि कॅमेऱ्याने शहाणपणा करून बल्बचा पिवळा 'सुधारला'. शॉटच्या मधोमध भिंत पिवळ्याची पांढरी! छोट्या स्क्रीनवर कुणाला दिसलं नाही, ज्याला शंका आली त्याला मीच म्हणालो, "डीआयला बघू," म्हणजे नंतर रंग दुरुस्त करताना. फुटेज 8 बिटचं, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्याच. पिवळं परत ओढायला गेलो तर आईचं काम करणाऱ्या काकूंच्या गालावर चट्टे उठले. रीशूट करावं तर काकू मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. शेवटी अख्खी फिल्म ब्लॅक अँड व्हाइट केली. एका महोत्सवात त्याला 'धाडसी निर्णय' म्हणाले. मी मान डोलावली.

तर व्हाइट बॅलन्स हाताने 4300 केल्विनच्या आसपास लॉक करा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; पिवळ्या उजेडाचा आकडा कमी, निळ्याचा जास्त). बल्ब 2700 चा, म्हणून पिवळा राहील, बाहेरचं निळं पडेल. 3200 वर घर फार कोरडं दिसतं, 5600 वर बल्ब नारिंगी होतो. ही माझी आवड, टेस्ट काढूनच ठरवा. पिवळा उजेड फक्त बाईच्या ताटापुरता ठेवा, समोरचा रिकामा पाट निळ्यात जाऊ द्या. जिलेटिन लागलंच तर त्या पाटापुरतं.

एलईडी पॅनल भाड्याने घेणार असाल तर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा 100 पैकी आकडा) 95 च्या वरचा मागा. मला एका दुकानदाराने "सगळे सारखेच असतात हो" म्हणत जो गळ्यात मारला, त्यात चेहरे कावीळ झाल्यासारखे आले. पैसे परत मागितले तर फोन उचलणं बंद. आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर ट्यूबलाइट फडफडते.

तुमच्या फोटोत बाईच्या मागची भिंत पोपटी दिसतेय. फ्रेमबाहेरची भिंतही पोपटी असेल तर तोच रंग तिच्या गालावर येतोय, जिलेटिनचा त्यात दोष नाही. फ्रेमबाहेरच्या भिंतीवर जुनी काळी चादर टांगून बघा.