बोटं बधिर: घट्टा की नस?

प्रश्न : वय 54. चार वर्षांपासून सतार शिकतो, रोज दोन तास रियाज. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट टोकाला बधिर झालंय, कापडाचा पोत कळत नाही. हल्ली उजव्या तर्जनीलाही मुंग्या येतात. रियाज थांबवावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी उजव्या हाताकडे बघू. नखीच्या (तार छेडायला तर्जनीत घालतात त्या तारेच्या मिजराफच्या) तारेचे दोन पाय पेराला जिथे दोन्ही बाजूंनी चिमटतात, नेमक्या तिथूनच बोटाच्या नसा जातात. नखी काढल्यावर खोल वळ राहत असेल, टोक जांभळं पडत असेल, तर ती घट्ट आहे. पक्कडीने पाय किंचित फाकवा. घसरणार नाही इतपत पकड पुरते. मुंग्या पूर्ण थांबेपर्यंत नखी घालू नका. डाव्या हाताचा रियाज चालू द्या.

डावीकडे बहुधा घट्टाच आहे. जाड कातडीतून हलका स्पर्श पोचत नाही, पण बधिरपणा तारेच्या रेघेपुरताच असतो. पेपरक्लिप उलगडून दोन टोकं 5 मिमी अंतरावर धरा, डोळे मिटून आधी घट्ट्यावर, मग त्याच बोटाच्या बाजूला टेकवा. बाजूला दोन टोकं वेगळी कळली, तर नस शाबूत असण्याची शक्यता जास्त. घट्टा ब्लेडने कापू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून बारीक कानशीने वरचा थर तेवढा उतरवा, रात्री 10 टक्के युरियाचं मलम लावा. मुळात दाबच कमी करा: पडद्याला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) लागून बोट ठेवा, सूर खरखरेपर्यंत दाब हळूहळू सोडा आणि त्याच्या किंचित वर थांबा. इतकाच दाब लागतो, बाकीचा वाया जातो. मींडेसाठी (तार बाजूला ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी) बोटाला खोबरेल लावाच.

मात्र रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, अंगठ्यासह तीन बोटं बधिर असतील, करंगळीची बाजू जड वाटत असेल किंवा हातातून वस्तू पडत असतील, तर दोष सतारीचा नसेल. मनगटात किंवा कोपरात नस दबलेली असू शकते. पावलंही बधिर असतील तर साखर आणि बी-12 तपासा. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेत असाल तर बी-12 नक्कीच. त्वचेवर फिकट, संवेदना नसलेला चट्टा दिसला तर सरकारी आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. उपचार मोफत असतात.

आणि औषधाच्या दुकानातून ‘नसांच्या’ गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत बी-6 असतं, आणि ते जास्त झालं तर त्यानेच बोटं बधिर होतात.