"डॉक्टर, शेजाऱ्यानेच विष घातलंय!"

कुत्रा अचानक आडवा पडला की लोकांच्या तोंडी पहिलं नाव शेजाऱ्याचं येतं. मध्यंतरी एका ताईंचा रात्री फोन आला, लॅब्रॅडॉर, पाच वर्षांचा, हिरड्यांतून रक्त, उठायला तयार नाही, आणि वरच्या मजल्यावरचे काका सकाळीच भुंकण्यावरून भांडले होते म्हणजे त्यांनीच आज काहीतरी टाकलं. नवरा जाब विचारायला जिन्यात, सासूबाई मिठाचं पाणी पाजायच्या तयारीत.

म्हटलं भांडण उद्या करा, आधी ते मिठाचं पाणी ओतून द्या. जास्त मिठानेच कुत्रा दगावू शकतो, आणि मलूल पडलेल्याला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जाते. दुधाने विष उतरतं हेही आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय, पण उतरत नाही.

मग ओठ उचलून हिरड्यांचा रंग बघायला लावला. "पांढऱ्याफटक आहेत हो, पोटावर जांभळे डाग पण आलेत." इथे काका माझ्या हिशोबातून गेले, कारण रक्त पातळ करणारं उंदराचं औषध खाल्लं तर कुत्रा दोन-तीन दिवस, कधी पाचही दिवस मजेत हिंडतो, शेपटी हलवतो, आणि शरीरातलं व्हिटॅमिन के संपलं की मग रक्त गोठायचं थांबतं. म्हणजे आज जे दिसतंय ते आज खाल्लेलं नाही. (कीटकनाशकाचं वेगळं, तिथे लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या हे सगळं काही मिनिटांत नाहीतर तासांत दिसतं. उलटीला लसणासारखा वास आला तर झिंक फॉस्फाइडची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या उंदराच्या औषधाची, शंका घ्यायची आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या, त्यातून निघणारा वायू माणसालाही बाधतो.)

फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं आणि विचारलं, घरात उंदीर झालेत का, औषध कोणी का ठेवलं असेना, मला फक्त पाकीट हवंय. सगळे गप्प. मग सासरेबुवा हळूच म्हणाले, फ्रीजमागे उंदराच्या औषधाचा केक ठेवला होता, परवा बघितला तर नव्हता, मला वाटलं उंदराने नेला. बिचारे संध्याकाळपासून गप्प होते, सुनेचं बोलणं खावं लागेल म्हणून. म्हणून मी अशा वेळी कोणाची चूक हे विचारतच नाही, तो प्रश्न आला की माहिती लपते.

पाकिटावर ब्रोमाडिओलोन 0.005 टक्के, म्हणजे तेच रक्त पातळ करणारं औषध. गळ्यातला पट्टा काढून, चादरीवर उचलून, धक्का न लावता आणा म्हटलं, आणि वेदनाशामक गोळी अजिबात नको. त्या रात्री दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं, व्हिटॅमिन के-वन सुरू केलं. के-थ्री नाही, या विषावर ते चालत नाही, मेडिकलवाल्याने दिलं तरी घेऊ नका. गोळ्या चार आठवडे, जेवणाबरोबर, आणि बंद केल्यावर दोन दिवसांनी रक्त गोठण्याची टेस्ट, कारण कुत्रा बरा दिसतो म्हणून लोक मध्येच सोडतात आणि पुन्हा रक्तस्राव होतो.

केक खाताना डोळ्यांसमोर पकडलात तर लगेच निघा, पहिल्या दोनेक तासांत दवाखान्यात उलटी करवता येते. आणि खरंच कोणी विष घातल्याची शंका असेल तर उलटीचा नमुना, उरलेला तुकडा पिशवीत घ्या, फोटो काढा, पोलिसांत तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे सगळं कुत्रा टेबलावर पोचल्यानंतर.