अचानक रिकामे झालेले न्यायासन

प्रश्न : अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींच्या निधनाने सारे राजकारण का ढवळून निघते? आपल्याकडे तसे का होत नाही?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तेथे न्यायमूर्तींना निवृत्तीचे वय नाही आणि न्यायासने अवघी 9 आहेत, त्यामुळे एका नेमणुकीने न्यायालयाचा कल कित्येक वर्षांसाठी बदलू शकतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण सिनेटच्या (तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) संमतीवाचून नेमणूक होत नाही. 13 फेब्रुवारी 2016 रोजी न्या. अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीच सिनेटमधील रिपब्लिकन बहुमताने, निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन, घेतली नाही. 2020 मध्ये मात्र न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निधनानंतर त्याच पक्षाने, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला जेमतेम आठवडा उरला असताना, 26 ऑक्टोबरला एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर 52 विरुद्ध 48 मतांनी शिक्कामोर्तब केले. ही विसंगती मला न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेला घातक वाटते.

आपल्याकडे न्यायमूर्ती 65व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून बहुतेक रिक्त जागा आधीच ठाऊक असतात. शिफारस सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायमूर्तींचे न्यायवृंद करते आणि संसदेत त्यावर मतदान होत नाही. ताणतणाव येथेही आहेत. शिफारशी केंद्राकडे रेंगाळतात. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या सीमाभागाला न्यायाच्या विलंबाची किंमत वेगळी सांगायला नको.