जुन्या पेट्रोल टाकीची जागा साफ करताना: आधी एवढं सांभाळा

जमिनीत झिरपलेलं पेट्रोल आणि दूषित पाणी उपसायला पंप लावायची घाई करू नका. गळती कुठवर पसरलीय हे कळल्याशिवाय उपसा करणं म्हणजे अंधारात हात मारणं.

सुरुवातीला किमान तीन निरीक्षण विहिरी (भूजल तपासायला घेतलेली, पाइप घातलेली अरुंद बोअर) घ्या. एका रेषेत नकोत, त्रिकोणात हव्यात. तरच भूजल कुठल्या दिशेला वाहतं ते काढता येतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पाइपचा जाळीदार भाग पाणीपातळीच्या वरही हवा आणि खालीही. जाळी पूर्ण बुडाली की तवंग विहिरीत शिरतच नाही आणि जागा स्वच्छ असल्याचा भास होतो. नवख्यांना हीच चूक सगळ्यात महागात पडते. उलट विहिरीत पेट्रोलचा 30 सेंमी थर दिसला, तरी मातीत बहुधा त्याहून कमी असतो.

- आधी गळती बंद, मग तरंगतं पेट्रोल, पाण्यात विरघळलेलं बेंझिन (पेट्रोलमधला विषारी घटक) त्यानंतर.
- नमुन्याची कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या. बेंझिन पाण्यातून त्या हवेत निघून जातं.
- खड्ड्यात उतरण्याआधी पेट्रोलची वाफ मोजाच. ती हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते.

पंप थांबवल्यावर पाण्यातल्या बेंझिनचे आकडे पुन्हा चढतील, कारण मातीला चिकटलेलं पेट्रोल सुटतच राहतं. पाणीपातळी एकदा तरी चढून उतरेपर्यंत मोजणी सोडू नका.