शिखर शोधताना आधी वाटा बघ

बाळा, शिवाजी विद्यापीठात नुकताच एमएस्सीला आलायस, लगेच प्रमेयांच्या रानात शिरू नकोस. आपला प्रश्न एवढाच: पृष्ठभागावरच्या एकाच कंपनसंख्येच्या लाटेचं (आयगेनफंक्शनचं) शिखर किती उंच जाऊ शकतं? आधी एक चेंडू घे. एका ध्रुवावरून खडूनं सरळ जाणाऱ्या रेषा ओढ. हेच जिओडेसिक. सगळे समोरच्या ध्रुवावर भेटतात आणि पुन्हा पहिल्या बिंदूला येतात. या वाटांनी जाणाऱ्या लाटा तिथं एकमेकींवर चढतात. एकक गोलावर लाटेच्या वर्गाचं समाकलन १ धरलं, तर न क्रमांकाच्या झोनल हार्मोनिकची, म्हणजे ध्रुवाभोवती सगळीकडे सारखी दिसणाऱ्या लाटेची, ध्रुवावरची उंची म्हणजे (२न+१) भागिले ४पाय, याचं वर्गमूळ. न २०० घालून स्वतः काढ, सुमारे ५.६५ येईल. न वाढवला की उंचीची वाढ आयगेनव्हॅल्यूच्या, म्हणजे कंपनसंख्येच्या वर्गाच्या, चौथ्या मुळाइतकी. बंदिस्त गुळगुळीत पृष्ठभागावर याहून वेगानं ती होतच नाही.

सॉग आणि झेल्डिच या गणितज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं: वाढ या टोकाला पोचली, तर असा एखादा बिंदू असतोच जिथून निघालेल्या बऱ्याच दिशा, म्हणजे धन मापाचा संच, त्याच बिंदूला परततात. उलट विधान मात्र गृहीत धरू नकोस, मी स्वतः तिथं फसलोय. मूळ विधान मात्र असं वापरता येतं: सपाट टोरसवर, म्हणजे चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा जोडून होणाऱ्या पृष्ठभागावर, परतणाऱ्या दिशा मोजण्याजोग्याच, माप शून्य. म्हणून तिथं वाढ त्या टोकाला पोचत नाही. ऋण वक्रतेचं, म्हणजे खोगिरासारख्या वळणाच्या पृष्ठभागांचं, नंतर, आधी टोरसचं गणित हातानं कर. अडलं तर संध्याकाळी रंकाळ्यावर ये, वही घेऊन.