एम.ए.ला ‘आधुनिक व आंतरराष्ट्रीय इतिहास’ घ्यावा का? घरचे म्हणतात, जगाचा इतिहास शिकून काय करणार?

घ्या. खरं तर एवढ्यावर थांबलो असतो. पण ‘जगाचा इतिहास शिकून काय करणार’ हे वाक्य मी अगदी याच शब्दांत आमच्या आप्पांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे उत्तर लांबणार. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. घराच्या दारावर पितळी पाटी आहे, ‘सुभेदार निवास’. ती आप्पांनी हौसेनं करून घेतलेली. सुभेदार म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईला’, म्हणजे आजच्या इराकात, गेलेले. गणपतीला सगळं घर जमलं की आप्पा त्यांची गोष्ट सांगायचे. गोळ्यांच्या वर्षावात पणजोबांनी एका जखमी गोऱ्या साहेबाला पाठुंगळी मारून पार नदीच्या धक्क्यापर्यंत आणलं होतं म्हणे. लढाईत दोन मेडलं मिळाली, चांदीचं ७२च्या दुष्काळात मोडलं, दुसरं तेवढं राहिलं. ते देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या डबीशेजारी असायचं.

मी एम.ए.ला हा विषय घेतला तेव्हा आप्पा म्हणाले, मराठ्यांचा इतिहास सोडून तिकडचं कशाला? विभागातल्या एका सरांचंही तेच. महाराजांवर कर, मार्गदर्शक मिळतील, व्याख्यानं मिळतील, हार-शाल मिळेल. यात खोटं काहीच नव्हतं. मी ऐकलं नाही, याचं कारण मात्र फार थोर नाही. सगळे ‘नको’ म्हणत होते, एवढंच.

पहिलं वर्ष गाईडवर काढलं. महायुद्धाची कारणे: लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, तात्कालिक कारण साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. प्रत्येकी चार ओळी, शेवटी समारोप. तुम्हीही बी.ए.ला हेच लिहून आला असाल. एम.ए.लाही असंच करून साठ टक्के पडतात, मला पडले.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधासाठी मेसोपोटेमिया घेतलं, म्हणजे आजचा इराक, तेव्हा तुर्कांच्या ताब्यातला. मनात पणजोबांचं पान होतं, हे कबूल. वाचायला लागलो आणि पहिल्यांदा कळलं की आंतरराष्ट्रीय इतिहास म्हणजे काय. हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजनच म्हणायचे, बगदाद घ्यायला निघाली, बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, मागे फिरली आणि डिसेंबर १९१५ला कुत गावात वेढ्यात सापडली. त्यात मराठा पलटणीही होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. सुमारे १३ हजार माणूस तुर्कांच्या हाती लागलं, निम्मेअधिक हिंदी. त्याआधी टेसिफोनच्या जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत खडखडत आणलं होतं. ना पुरेशा बोटी, ना डॉक्टर, ना धक्के. लंडनमध्ये बोंब झाली, चौकशी आयोग बसला, १९१७च्या उन्हाळ्यात त्याच्या अहवालानं हिंदुस्थान सरकारच्या अब्रूची लक्तरं काढली आणि तिथल्या मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. जागी माँटेग्यू आले. त्यांची २० ऑगस्ट १९१७ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा आपण ‘भारताचा राष्ट्रीय लढा’ या वेगळ्याच पेपरात पाठ करतो. दोन पेपर, दोन गाईडं, मधला धागा कुणी सांगत नाही.

दुसरा धागा आमच्या गावापर्यंत येतो. कुत पडल्यावर साहेबांना कळलं की बंदुका आहेत, सामान हलवायला माणसं नाहीत. बसऱ्याचे धक्के बांधायचे, रूळ टाकायचे, नदीचे बंधारे घालायचे, पोती वाहायची. मग मजूर आणि हमालांच्या तुकड्यांची भरती सुरू झाली. तुरुंगातले कैदीसुद्धा शिक्षेत सूट देऊन नेले. युद्धात हिंदुस्थानातून १४ लाखांवर भरती झाली, त्यातले साडेपाच लाखांवर लढणारे नव्हतेच. आणि माणदेश-खटावाकडे पाऊस आपल्या मर्जीनं येतो, तेव्हाही तसाच यायचा. रोख पगार म्हटल्यावर माणूस कुठवर जाईल?

त्या दिवाळीत मी मेडल खणातून काढून चिंचेनं घासलं. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला उघडा घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. हे लढवय्या सैनिकांना चांदीचं मिळायचं. मजूर-हमालांना तेच, त्याच ठशाचं, पण काशाचं. आमचं काशाचं होतं. आणि या मेडलच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. भिंगातून पाहिलं तर आधी नंबर, मग ‘पोर्टर’, मग पणजोबांचं नाव, इंग्रजीत वाट लावलेलं. चांदीचं मोडलं वगैरे काही नव्हतं. हे मेडल एका माणसाला एकच मिळतं, चांदीचं नाहीतर काशाचं.

मी हे सगळ्यांसमोर, फराळाच्या ताटांवर सांगितलं. चूकच केली. आप्पा म्हणाले, तुझ्या भिंगात काहीही दिसेल. मग म्हणाले, इंग्रजानं मुद्दाम चुकीचं कोरलं. मी समजूत घालायला म्हणालो, आप्पा, तुमची साहेबाची गोष्ट यामुळं उलट खरी वाटायला लागते. सुभेदार कशाला कुणाला पाठीवर घेईल? पाठीवर ओझं वाहणं हे पणजोबांचं कामच होतं. झालं. ताट सारून उठले. दोन वर्षं बोलले नाहीत. ‘शिकून घराण्याला हमाल केलंस’ हे त्यांचं वाक्य अजून भावकीत फिरतंय.

माझं म्हणणं अजून तेच आहे. त्या हमालीची लाज आप्पांना वाटली, मला वाटली नाही. लाज वाटावी अशी गोष्ट दुसरीच आहे. आमच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. नुसते आकडे. बसऱ्याच्या स्मारकावरही तोच प्रकार. मेसोपोटेमियात मेलेल्या ४० हजारांवर लोकांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायांची नावं कोरलेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही, आणि हिंदी शिपायांचा पलटणीवार फक्त आकडा. युद्धकबरींचं काम पाहणाऱ्या आयोगानं २०२१ साली ही चूक मान्य केली. म्हणजे कडेवर ‘पोर्टर’ लिहिलेलं ते काशाचं मेडल हा माझ्या पणजोबांचं नाव असलेला त्या युद्धातला बहुधा एकमेव कागद आहे, आणि आप्पांना नेमकं तेच नाव नकोय.

असो, तुमचा प्रश्न राहिलाच. नोकरीचं विचारलं नाहीत, पण घरच्यांच्या पोटात तेच असणार. प्राध्यापकी म्हणत असाल तर सेट-नेट या पात्रता परीक्षा काढूनही सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासांच्या हिशोबात वर्षं जातात. मी सहा काढली. पण मराठ्यांचा इतिहास घेणारेही त्याच रांगेत माझ्या पुढे-मागेच उभे होते, तेव्हा त्या कारणासाठी विषय बदलू नका. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत जगाचा इतिहास आहे, तिथं थोडा उपयोग होतो. फक्त तेवढ्यासाठीच दोन वर्षं घालवू नयेत.

इंग्रजी कच्चं असेल तर पहिल्या सत्रापासून मागे लागा. लोक मोडी शिका म्हणतात, शिका की, पण या विषयात गोऱ्या कारकुनाचं तिरकं हस्ताक्षर वाचता येणं जास्त कामाचं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या वेबसाइटवर घरबसल्या ढीगभर फाईली मिळतात. मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. एकदा तरी जाऊन या.

आणि घरच्यांशी वाद घालताना माझ्यासारखं ताटावर घालू नका. आप्पांना मी आधी एकट्याला गाठून सांगायला हवं होतं, हे मला आता वाटतं. तेव्हा जिंकायचं होतं.

मेडल सध्या त्यांच्याकडेच आहे. साताऱ्यातून सागवानी फ्रेम करून आणलीय, खाली मखमल, जॉर्जचं डोकं वर, आणि मेडल भोवतीनं फेव्हिकॉल लावून असं पक्कं बसवलंय की कड दिसत नाही.