ग्रामसभेत आराखडा मंजूर झाला, आढावा राहून गेला

प्रश्न : आमच्या पंचायतीचा येत्या वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेत सचिवांनी वाचून दाखवला. यादी लांबलचक होती. वाचन संपताच सरपंचांनी ‘मंजूर ना?’ असे विचारले, पुढच्या रांगेतील काहींनी हात वर केले आणि विषय संपला. आमच्या वाड्यावरील पायवाट व संरक्षक भिंत गेल्या वर्षीच्या आराखड्यात होती. ती झालेली नाही आणि यंदाच्या यादीतही नाही. अशा मंजुरीला काही अर्थ आहे का, आणि आता काय करता येईल? — एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : मंजुरीला अर्थ आहे, परंतु आपल्या पत्रावरून असे दिसते की तिच्या आधी जे व्हायला हवे होते ते झालेले नाही. राज्यघटनेच्या कलम २४३ जी नुसार आर्थिक विकास व सामाजिक न्यायासाठी योजना आखण्याचे काम राज्य विधिमंडळ पंचायतींकडे सोपवू शकते. गोव्यात पंचायतींचा कारभार १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यानुसार चालतो, आणि चौदाव्या वित्त आयोगाच्या काळापासून, म्हणजे २०१५ नंतर, दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याची पद्धत देशभर रूढ झाली. त्या पद्धतीत ग्रामसभेपुढे विषय एकदाच येणे अपेक्षित नाही. आधीच्या सभेत गावाच्या गरजा मांडून त्यांचा अग्रक्रम ठरवायचा, त्यावरून पंचायतीने मसुदा तयार करायचा, आणि नंतरच्या सभेत तो मसुदा चर्चेनंतर मंजूर करायचा, असा हा क्रम आहे. आपल्या गावी बहुधा शेवटची पायरीच पहिली ठरली. हात वर करणाऱ्यांना दोष देण्यापूर्वी हेही पाहावे, की ती यादी सभेआधी कोणाच्या हाती दिली गेली होती का. साठ-सत्तर कामे कानांनी ऐकून त्यांवर मत बनवणे कोणालाही कठीण आहे.

आता पैशाविषयी, कारण बहुतेक कामे तिथेच अडतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या कालावधीत पंचायतींना मिळणाऱ्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बांधील होती : त्यातील निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, आणि निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के रक्कम पंचायतीला स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत असे, मात्र पगार व आस्थापनेवर नाही. म्हणजे पायवाट आणि संरक्षक भिंत या ४० टक्क्यांतून, किंवा घरपट्टी, परवाना शुल्क, जकातीच्या बदल्यात सरकारकडून येणारे अनुदान अशा इतर उत्पन्नातून व्हायला हवी, आणि तिथे प्रत्येक वाड्याची मागणी उभी असते. उलट कचरा संकलनासाठी किंवा जुन्या विहिरीच्या दुरुस्तीसाठी बांधील निधी असूनही त्या कामांचे प्रस्ताव कोणी आणत नाही, असेही घडते. गोव्यात घरोघरी नळाने पाणी देणे हे सरकारी खात्याचे काम असल्यामुळे पाण्याच्या शीर्षकाखाली आपल्याला करण्यासारखे काहीच नाही, असा समज पंचायतींत होऊ शकतो. विहिरी, झरी आणि पावसाचे पाणी साठवणे ही कामे मात्र पंचायतीला करता येतात.

म्हणून माझे मत असे, की आराखड्यात नवी कामे घालण्याआधी ग्रामसभेने जुन्या आराखड्याचा हिशेब मागावा. मागच्या वर्षीच्या प्रत्येक कामापुढे निधी कोणता, काम करणारे खाते कोणते आणि आजची स्थिती काय, एवढी माहिती लिहून सभेआधी फलकावर लावली गेली, तर सचिवांना अर्धा तास वाचन करण्याची गरज उरणार नाही. स्थिती म्हणजे नुसते ‘प्रगतिपथावर’ हा शब्द नव्हे. काम तांत्रिक मंजुरीअभावी थांबले आहे, निविदेला कोणी प्रतिसाद दिला नाही, की जमीन खासगी वा कोमुनिदादीची (गावाच्या सामूहिक जमिनीची मालकी असलेल्या जुन्या संस्थेची) असून ना हरकत दाखला मिळालेला नाही, यांपैकी नेमके कारण कळले पाहिजे. आपल्याकडे पायवाटेची कामे जमिनीच्या मालकीवरून वर्षानुवर्षे रेंगाळतात, आणि तसे असेल तर तेच काम पुन्हा यादीत घालून काही साधणार नाही. आधी दाखला मिळवावा लागेल. वीस वाड्यांना खूश करणारी, पण पैशाचा पत्ता नसलेली यादी ही योजना नव्हे, आणि निधी निश्चित असलेली सात-आठ कामे घेणारी पंचायत मला अधिक प्रामाणिक वाटते, मग त्यात माझा वाडा नसला तरी.

आपल्यापुढे आता दोन वाटा आहेत. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पंचायतीचा मंजूर आराखडा कोणालाही पाहता येतो. तेथे गेल्या वर्षीचे आपले काम कोणत्या निधीखाली दाखवले होते ते पाहावे. तेथे उलगडा झाला नाही, तर माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. हाती कागद आल्यावर सचिवांकडे लेखी अर्ज देऊन काम पुरवणी आराखड्यात घेण्याचा विषय पुढील ग्रामसभेच्या कार्यसूचीवर घालण्याची मागणी करावी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या निमित्ताने गोव्यात विशेष ग्रामसभा ठरलेल्या असल्याने फार वाट पाहावी लागू नये. सभेत तोंडी मुद्दा मांडला असेल, तर तो इतिवृत्तात नोंदला गेला की नाही हे अवश्य पाहावे, कारण पुढच्या वेळी हातात धरायला तोच कागद असतो.

प्रश्न : आम्ही नगरपालिका क्षेत्रात राहतो. येथे ग्रामसभेसारखी सभा का होत नाही? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ग्रामसभेची तरतूद पंचायतींसाठी आहे. शहरांसाठी घटनेच्या कलम २४३ एस मध्ये प्रभाग समित्या आहेत, पण त्या ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांनाच सक्तीच्या आहेत. गोव्यातील एकही पालिका त्या आकड्याच्या जवळपास नाही. २०११ च्या जनगणनेत मुरगावचीही लोकसंख्या एक लाखाच्या आतच होती. परिणामी शहरी नागरिकाला अंदाजपत्रकाविषयी आपले म्हणणे नगरसेवकामार्फत किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे लागते. लहान राज्याला मोठ्या शहरांचा मापदंड लावल्याने ही उणीव राहिली आहे, असे मला वाटते.

प्रश्न : मी पर्वरीत भाड्याने राहते, मतदारयादीत नाव मात्र पेडण्यातील मूळ गावात आहे. मला कोणत्या ग्रामसभेत मत देता येईल? — एक वाचक

उत्तर : पेडण्यातील मूळ गावच्या. ग्रामसभेचे सदस्यत्व पंचायतीच्या मतदारयादीवरून ठरते, राहण्याच्या जागेवरून नव्हे. पर्वरीतील कचऱ्याबद्दल किंवा रस्त्याबद्दल तक्रार असल्यास तेथील पंचायतीकडे लेखी अर्ज देण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.